पातेलं कोणाच्या घरी

ज्या साहेबाने आपल्यावर दीडशे वर्षं राज्य केलं, त्याच्या स्वतःच्या घरात लिहिलेली राज्यघटना नाही, हे मला पन्नाशी उलटल्यावर इथे कॅनडात, रेजिना शहरात कळलं. कळलं तेव्हा मी भर हॉलमध्ये सगळ्यांदेखत खो खो हसलो. पुढे उन्हाळा येईपर्यंत ते हसू माझ्याच घशात अडकून बसलं.

सांगितलं धम्मदीपने. हा पोरगा इथल्या युनिव्हर्सिटीत राज्यशास्त्र शिकवतो आणि ब्रिटनची राज्यघटना हा त्याचा अभ्यासाचा विषय. जी वस्तू नाही तिच्यावर याने पीएचडी केली, असं मी त्याला चिडवतो. आमची इथे आंबेडकरी कुटुंबांची संस्था आहे, वीसेक घरांची. दर सव्वीस नोव्हेंबरला संविधान दिनाचं भाषण कोणीतरी करतं आणि बाकीचे सामोशांच्या वासाकडे लक्ष ठेवून ऐकतात. त्या वर्षी भाषण धम्मदीपचं होतं.

"गुणवंतकाका, हसू नका," तो मला माइकवरूनच म्हणाला. "कायदे आहेत, कोर्टाचे निकाल आहेत. पण आपल्यासारखी एका पुस्तकात बांधलेली घटना नाही. खरं महत्त्वाचं बरंचसं कन्व्हेन्शनवर चालतं, म्हणजे रिवाजावर. बहुमत गेलं की पंतप्रधान खुर्ची सोडतो. राजा सही करायला नाही म्हणत नाही. का? तर 'असं करत नाहीत', एवढंच. त्यांचा सगळा भरवसा माणूस चांगल्या घरचा असेल यावर. आणि आता तोच भरवसा क्रॅक व्हायला लागलाय."

मग त्याने २०१९ ची हकिगत सांगितली. तिथल्या पंतप्रधानाने ऐन गडबडीत पार्लमेंटच पाच आठवडे बंद ठेवायचा सल्ला राणीला दिला. राणीने रिवाजाप्रमाणे हो म्हटलं. शेवटी सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की ते बंद करणंच बेकायदा होतं, म्हणजे पार्लमेंट बंद झालंच नव्हतं. "आणि इथे कॅनडात आपण फार वेगळे नाही आहोत," धम्मदीप म्हणाला. "अठराशे सदुसष्टच्या घटनेत प्राइम मिनिस्टर हा शब्दसुद्धा नाही. चेक करा."

पहिल्या रांगेत शशिकांत बसला होता. आमचा अध्यक्ष, भंडाऱ्याचा, माझा इथला सगळ्यात जुना मित्र. आम्ही दोघे एकाच हिवाळ्यात इथे उतरलो, एकाच फावड्याने बर्फ शोव्हल करायला शिकलो. तो सहसा प्रश्न विचारत नाही. त्या दिवशी त्याने हात वर केला.

"मंग एखाद्यानं रिवाज मोडलाच, तर त्याले थांबवणार कोण?"

"कोणी नाही," धम्मदीप म्हणाला. मग म्हणाला, "म्हणजे, लाज."

"म्हणजे कोणीच नाही," शशी म्हणाला आणि सामोसा घ्यायला उठला.

मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण मी साहेबाची मजा घेण्यात दंग होतो.

आता आमच्या संस्थेचं सांगतो, म्हणजे हसायची लायकी माझी किती होती ते कळेल. आमच्या संस्थेलाही लिहिलेली घटना नाही. बाबासाहेबांनी एवढ्या मोठ्या देशाची घटना लिहिली आणि त्यांच्या लेकरांना वीस घरांची लिहिता आली नाही. कारण असं झालं की आम्हा सगळ्यांना भारताच्या संविधानाची उद्देशिका तोंडपाठ. त्यामुळे आमच्या घटना समितीने सुरुवात उद्देशिकेपासूनच केली. 'आम्ही, रेजिनाचे लोक', एवढं लिहून झाल्यावर शेजारच्या मूस जॉ गावचा मोहन म्हणाला, "म्हणजे मूस जॉचे लोक लोक नाहीत का?" मग प्रांताचं नाव घालून 'आम्ही, दक्षिण सस्कॅचेवानचे लोक' केलं, तर उत्तरेकडच्या सस्काटूनहून येणारं एक कुटुंब रुसलं. दोन हिवाळे आम्ही पहिल्या ओळीवर भांडलो. पहिलं कलम काही उजाडलं नाही. उद्देशिका राहू द्या, आधी कलमं लिहू, असं कोणी म्हटलं असतं तर काम उरकलं असतं. पण ते म्हणायची छाती कोणाची नव्हती.

मग सगळं रिवाजावर सुरू झालं, आणि खरं सांगायचं तर झकास चाललं. दोन वर्षांनी अध्यक्ष बदलायचा. ज्याचं घर रेजिनात आधी आलं त्याची पाळी आधी. फेब्रुवारीत रमाई जयंतीला पुढच्या अध्यक्षाचं नाव सर्वांसमोर बोलायचं. आणि बुद्ध पौर्णिमेला पातेलं द्यायचं.

हे पातेलं म्हणजे आमचं सिंहासन. जाड बुडाचं, दोन माणसांनी उचलावं लागतं एवढं. बुद्ध पौर्णिमेला जाणारा अध्यक्ष त्यात सगळ्यांसाठी खीर करतो. खीर संपली की येणारा अध्यक्ष ते पातेलं स्वतः घासतो. मोठेपण मिळायच्या आधी बुडाची करपलेली खीर खरवडायची, ही कल्पना कोणाची ते आता आठवत नाही, पण होती चांगली. घासलेलं पातेलं गंगुबाईंसमोर न्यायचं. गंगुबाई म्हणजे धम्मदीपची आजी, आमच्यात सगळ्यात वडील. त्या संस्थेच्या कुठल्याच वादात पडत नाहीत. पांढऱ्या फडक्याने पातेलं कोरडं करतात आणि नव्या अध्यक्षाच्या हातात देऊन म्हणतात, "सांभाळजो बाबू. हे तुयं नाही, सगळ्यायचं हाय." त्यावर सगळा हॉल एका आवाजात 'जय भीम' म्हणतो. झाला अध्यक्ष. पातेलं त्याच्या बेसमेंटमध्ये जातं आणि पुढची दोन वर्षं सगळे फोन त्याच्या घरी वाजतात.

पहिली फेरी जुन्या दहा-अकरा घरांतल्या पुरुषांची झाली. शशी दर वेळी आपली पाळी पुढच्याला देत आला, म्हणून तो त्या फेरीतला शेवटचा. त्याने पातेलं घेतलं त्या दिवशी जेवताना सगळेच म्हणाले होते, आता पुढची फेरी बायकांची. आणि पहिलं घर आमचं, म्हणजे पाळी माझ्या बायकोची, रचनाची.

मी अध्यक्ष होतो तेव्हा कामं तिने केली होती. माझ्यानंतरच्या प्रत्येकाच्या वेळी हॉल बुक करणं, भाज्या चिरणं, पोरांची नाटकं बसवणं तिच्याकडेच. नाव दर वेळी दुसऱ्याचं. कधी तोंडातून शब्द काढला नाही, पण या वेळी तिने वर्षभर आधीच ठरवून ठेवलं होतं. दर रविवारी पोरांचा वर्ग काढायचा, उद्देशिका मराठीतून शिकवायची, त्यातला एकेक शब्द फोडून. आमच्या मुलीला, जाईला, ती तोंडपाठ आहे, पण 'सार्वभौम'चा अर्थ विचारला तर म्हणते, "सम काइंड ऑफ अर्थ थिंग?" रचनाने नागपूरहून बहिणीकडून पांढरी साडी मागवली, निळ्या काठाची. पौर्णिमेला नेसायला. ती कपाटाच्या दाराला हँगरवर लटकवून ठेवली होती, येता-जाता दिसेल अशी.

आणि फेब्रुवारीत, रमाई जयंतीच्या आदल्या दिवशी, शशीचा ग्रुपवर मेसेज आला. थंडीमुळे कार्यक्रम रद्द. पुढील कार्यक्रम थेट बुद्ध पौर्णिमेला, भीमजयंतीही या वर्षी त्याच दिवशी. संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षाची तयारी लक्षात घेता अध्यक्षपदाची जबाबदारी आपणच पुढे सांभाळू. आपला, शशिकांत.

रेजिनात थंडीमुळे कार्यक्रम रद्द! अरे, उणे चाळीसमध्ये, इंजिनं गोठू नयेत म्हणून गाड्या ब्लॉक हीटरला लावून आम्ही जयंत्या केल्यात. धम्मदीपला फोन केला तर तो पलीकडून कपाळ बडवत होता. "काका, ही सेम टू सेम तीच पार्लमेंट बंद ठेवायची आयडिया आहे. मीच शिकवली त्याला. नोव्हेंबरमध्ये. स्लाइड्स लावून."

रचनाने मेसेज वाचला. कपाटावरची साडी काढली, घडी घातली आणि आत ठेवून दिली. मला तिने आदळआपट केलेली परवडली असती. ही घडी मला सहन होईना.

दुसऱ्या दिवशी मी शशीच्या घरी जाऊन थडकलो. तो दार उघडायला इतक्या लवकर आला की बहुतेक खिडकीशीच उभा होता. घर लख्ख. पायातले बूट काढेपर्यंत त्याने चहाचं आधण ठेवलंसुद्धा.

"बस, आलं घातलंय," तो म्हणाला.

"चहा राहू दे. पाळी कोणाची आहे?"

"पाळी कायची? कुठे लिहिलंय ते दाखव."

"सगळे बोलले होते. तूही बोलला होतास, तोंडात खीर होती तुझ्या."

"खीर खाताना माणूस काहीही बोलते," शशी म्हणाला. "गुणवंत, रौप्यमहोत्सव आहे. कंटिन्युइटी पायजे. वहिनीले पुढच्या वेळी देऊ ना."

"बायकांना पुढच्या वेळी. हे वाक्य तुला शोभतं का रे? रमाई जयंती रद्द करून?"

तो हटला नाही. चहा उकळून वर येत होता आणि तो माझ्याकडे बघत उभा होता. मी बूट घातले आणि चहा न घेता निघालो. एवढ्या वर्षांत त्याच्या घरून तसा कधी निघालो नव्हतो.

घरी येऊन मी ठरवलं, आता लेखीच. मी हायवे खात्यात आहे, रस्त्याच्या खड्ड्यावरही तीन पानी टिपण लिहायची मला सवय. मार्चभर बसून संस्थेची घटना लिहिली. मुदत, पाळी, मतदान, सगळं. रचना भांडी लावता लावता ऐकत होती.

"हे मंजूर झालं की शशीला पातेलं द्यावंच लागेल," मी म्हणालो.

"मला असं ओढून घेतलेलं नको," ती म्हणाली. "आजवर प्रत्येकाला हातात मिळालं. मलाच का नियम दाखवून घ्यावं लागतं? त्याला द्यावंसं वाटलं पाहिजे."

"आणि नाही वाटलं तर?"

"तर मग ती संस्था मला चालवायचीच नाही."

बाईमाणसाच्या या तत्त्वांपुढे आपलं काही चालत नाही. मी तरीही झेरॉक्स काढल्या.

बुद्ध पौर्णिमा मेमध्ये येते. गावातल्या वास्काना तळ्यावर हंसबदकं परत आलेली असतात, लोक टी-शर्टवर येऊन हुडहुडत असतात, आणि सगळ्यांचे चेहरे उगीचच आनंदी दिसतात. वंदना झाली. गंगुबाईंनी मेणबत्त्या लावल्या. रचना रोजच्याच सलवार-कमीजमध्ये होती. मी उठलो, झेरॉक्स वाटल्या आणि वाचायला सुरुवात केली.

"आम्ही, रेजिनाचे लोक..."

"एक मिनिट," मागून मोहनचा आवाज आला. "आणि मूस जॉ?"

खरं सांगतो, पहिली ओळ मी सवयीने लिहिली होती. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या खड्ड्यात पडलो त्यात पुन्हा तोंडावर आपटलो. सस्काटूनवाले उभे राहिले, नव्याने आलेलं एस्टेव्हन गावचं एक जोडपं उभं राहिलं, आणि मी दुसऱ्या ओळीवर गेलोच नाही. जाई शेजारून म्हणाली, "डॅड, जस्ट से 'वी'." पण त्या गोंगाटात तिचं कोण ऐकतं.

"पाहा," शशी सुटकेचा श्वास टाकून म्हणाला. "लिहिणं आपल्याच्यानं होत नाही. चला, खीर थंडी होऊन रायली."

खीर मात्र त्याने फक्कड केली होती. रागावलेल्या माणसानेही दोनदा घ्यावी अशी. मी दोनदा घेतली.

पातेलं रिकामं झालं. दर वेळी अशा वेळेला नवा अध्यक्ष बाह्या सरसावून उठतो आणि लोक त्याची थट्टा करतात. सगळ्यांनी रचनाकडे पाहिलं. ती जागची हलली नाही. गंगुबाईंच्या शेजारी हात मांडीवर ठेवून बसली होती.

शशी उठला. मोहनला हाताशी घेऊन पातेलं किचनमध्ये नेलं आणि स्वतःच घासायला लागला. काउंटरची खिडकी उघडी होती, सगळं दिसत होतं. पातेलं घासून झाल्याशिवाय हॉल सोडायचा नाही, हा आमचा आणखी एक रिवाज. म्हणून कोणी गेलं नाही. पण कोणी बोलतही नव्हतं. पन्नास माणसं बसली होती आणि आवाज फक्त तारेच्या घासणीचा.

घासून झाल्यावर दोघांनी पातेलं गंगुबाईंसमोर आणून ठेवलं. शशीचा शर्ट पोटावर भिजला होता. मी धम्मदीपकडे पाहिलं. तो पुटपुटला, "आजी नाही म्हणणार नाही काका. कधीच म्हणत नाही. तेच तिचं काम आहे."

गंगुबाईंनी पांढरं फडकं घेतलं. दर वेळी पुसतात तसं, आतून, बाहेरून, काठावरून, नीट पुसलं. मग त्यांनी पातेल्याला हात लावला आणि शशीकडे बघून, दर वेळच्याच आवाजात म्हणाल्या, "सांभाळजो बाबू. हे तुयं नाही, सगळ्यायचं हाय."

हे वाक्य आजवर कोणी स्वतःसाठी दुसऱ्यांदा ऐकलं नव्हतं. प्रत्येकाला ते एकदाच मिळतं.

शशीने आणि मोहनने दोन बाजूंनी काठ धरून पातेलं उचललं आणि शशी 'जय भीम'ची वाट बघत उभा राहिला. आवाज आला नाही. असं ठरलेलं नव्हतं. मी तर मीटिंगआधी कोणाशी बोललोच नव्हतो, मी झेरॉक्समध्ये होतो. पण एकाही तोंडातून शब्द फुटला नाही. ज्यांना शशीच अध्यक्ष राहिलेला चालणार होता, तेही गप्प. मोहनने पातेल्याची आपली बाजू हळूच खाली टेकवली आणि मागे सरकला. शशी एका बाजूचा काठ धरून एकटा वाकलेला राहिला.

त्याने हॉलभर नजर फिरवली. कोणी त्याच्याकडे रागाने बघत नव्हतं. सगळे खाली बघत होते, आपल्याच घरचं माणूस चुकल्यावर बघतात तसे. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. मीही खाली बघायला लागलो.

"वहिनी," शशी म्हणाला. "तुमची पाळी आहे. मी खोटं बोललो. रौप्यमहोत्सव न् फौप्यमहोत्सव." तो थांबला. "दीप्ती गेल्यापासून घरी फोन वाजते तो या पातेल्यामुळंच. पोरगा मॉन्ट्रियलले, तो सॅटरडेले करते. बाकी दिवस, हे पातेलं गेलं की, कोण येणार?"

दीप्तीवहिनी, त्याची बायको, त्याने पातेलं घेतल्यावर पहिल्याच हिवाळ्यात वारल्या होत्या. आम्ही सगळे खांदा द्यायला गेलो होतो. नंतर आम्ही त्याला अध्यक्ष म्हणूनच फोन करत राहिलो आणि समजत राहिलो की माणूस बरा आहे. तो खिडकीशी उभा होता हे मला तेव्हाच जाणवलं होतं, आलं घातलेला चहाही दिसला होता. मी चिडलेला होतो, मला काही कळलं नाही.

रचना उठली. पुढे येऊन तिने पातेल्याचा दुसरा काठ धरला. गंगुबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "सांभाळजो माय. हे तुयं नाही, सगळ्यायचं हाय." आणि मग जो 'जय भीम' झाला, तो बाहेर पार्किंगमध्ये ऐकू गेला असणार. शशीचा आवाज त्यात सगळ्यात मोठा होता.

रचनाने अध्यक्ष म्हणून पहिला हुकूम तिथेच सोडला. "भाऊजी, एक अडचण आहे. आमच्या बेसमेंटमध्ये जागा नाही. पातेलं तुमच्याकडेच राहू द्या. लागेल तेव्हा आम्ही येऊन घेऊन जात जाऊ. आणि रविवारच्या वर्गाला पोरांची खिचडी लागेल, म्हणजे दर रविवारी लागेल."

आमच्या बेसमेंटमध्ये पिंगपाँगचं टेबल उघडून ठेवता येतं. मी तोंड उघडलं. तिने माझ्या पायावर पाय दिला. मी तोंड मिटलं.

"दर रविवारी?" शशी म्हणाला.

"दर रविवारी. सकाळी."

गाडीत जाईने विचारलं, "सो मॉम इज प्रेसिडेंट, बट अंकल कीप्स द पॉट? इज दॅट इव्हन इन द रूल्स?"

"नाही," तिची आई म्हणाली. पुढच्या रविवारी वर्गाला जाताना तिने ती पांढरी साडी नेसली.

आता खुर्ची एका घरी आणि पातेलं दुसऱ्या घरी, असा आमचा कारभार आहे. धम्मदीप म्हणतो, ब्रिटनमध्ये याच्याहून विचित्र गोष्टी शतकानुशतकं टिकल्या, त्यामुळे काळजी नको. माझ्या झेरॉक्सच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पोरं 'सार्वभौम' गिरवतात. रविवारी सकाळी पातेलं आणायला मला जावं लागतं. बेल वाजवायच्या आधी दार उघडतं. पातेलं दारातच घासूनपुसून ठेवलेलं असतं, पण त्याला हात लावता येत नाही. आधी बूट काढायचे, बसायचं, आलं घातलेला चहा घ्यायचा. एकदा घाईत होतो म्हणून नको म्हणालो, तर शशी पातेल्यापुढे आडवा उभा राहिला.

"चहा घेतल्याबिगर पातेलं मिळत नाही," तो म्हणाला. "रिवाज आहे."

कुठे लिहिलंय, हे मी त्याला विचारलं नाही.